आईच्या झिलेची जागा

आयुष्यभर बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात मोटार-वाइंडिंग केलं. करंट गेला तर फ्यूज बघायचा, अंगारा लावायचा नाही, एवढंच मला कळतं. भूतबित म्हटलं की माझं डोकंच फिरतं. तरी हे लिहितोय... कारण आता घरात सांगायला कुणी उरलं नाही.

१९८४चा उन्हाळा. बेळगावात खासबाग भागात माझी एक खोली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीहून आले होते. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं — जीव वाचेल, आवाज जाईल.

आणि आप्पांचा आवाज म्हणजे काय सांगू! तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे आणि भीमजयंती आली की गावोगाव जलसे. मागं आई झील धरायची, म्हणजे कडव्याची शेवटची ओळ उचलून वर न्यायची. ती जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या आवाजाची एकही कॅसेट आमच्याकडं नव्हती. निदान आप्पांची तरी स्टुडिओसारखी स्वच्छ करायचीच, असा मी हट्ट धरला.

रविवारी दुपारी बसलो. एक कॅसेट-डेक माझा, एक कॉपीसाठी मित्राचा आणलेला. खोलीत आवाज घुमू नये म्हणून आईनं शिवलेल्या वाकळा चारी भिंतींना टांगल्या. माइकवर पायमोजा चढवला, पंखा बंद केला. घामानं निथळत, डफ वाजवत आप्पा गायले... काय गायले! पण प्रत्येक कडव्यानंतर गप्प. डफावरचा हातसुद्धा थांबायचा.

"आप्पा, मधी थांबू नका. टेप रिकामी पळतीया."

"रिकामी न्हाय रं. तितं तुझी आई झील घेती. तिची जागा हाय ती."

माझं टाळकं सटकलं. "आई न्हाय आता, आप्पा! कुणासाठी थांबताय?"

आप्पांनी डफ सावरला. पुढचं कडवं धरलं आणि परत थांबले. अशा पाच जागा.

ते दवाखान्यात असताना मी त्या जागा काढायला बसलो. कॉपी करताना आप्पा थांबले की पॉझ दाबायचा, गाऊ लागले की सोडायचा. सोपं काम. कॉपी लावून बघतो तर... पाचही जागा जिथल्या तिथं! काउंटरचा आकडाही मूळ कॅसेटइतकाच. म्हटलं, पॉझचं बटण बिघडलं. रेडिओवरच्या बातम्या रेकॉर्ड करून पाहिल्या, बटण ठणठणीत. पुन्हा कॉपी केली, पुन्हा तेच. आणि आणखी एक — कॅसेटला खरखर असतेच, कॉपी केली की वाढते. आप्पांच्या आवाजामागं ती होती. त्या पाच जागांत मात्र अजिबात नव्हती... मला हवी होती तशी स्वच्छ. वाकळा घुमणं थांबवतात, टेपची खरखर नाही हो!

आप्पा गळ्याला पट्टी बांधून घरी आले, तेव्हा त्यांना कॅसेट लावली. पहिलं कडवं संपलं. आप्पांनी डोळे मिटले. गाताना जिथं त्यांचा हात थांबला होता, तिथंच आता बोटं मांडीवर ठेका धरू लागली. मग त्यांनी आईला द्यायचे तशी मान हलवून दाद दिली. चेहरा हसरा आणि डोळ्यांतून धारा. त्यांनी पाटी ओढली आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'ऐकलंस न्हवं?'

मी मान डोलावली. खोटं होतं ते. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आप्पांना जाऊनही आता लई वर्षं झाली. डेक खोलून पाहिले, जाणकारांना विचारलं, उलगडा कशाचाच झाला नाही. झाला नाही तर नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या दुपारी मी जे बोललो ते मला टोचतं. आप्पांसाठी आई होती. मीच तिला नाही म्हटलं.

दर रविवारी दुपारी कॅसेट लावतो. पहिली जागा यायच्या आधी पंखा बंद करतो, "आई, चुकलो गं" म्हणतो आणि कान देऊन बसतो. मग आप्पा पुढचं कडवं धरतात.