रुमालाखालचं उत्तर

लोह्याच्या बैलबाजारात मी दोन गोष्टी शिकलो. भाव विचारल्यावर जो आधी तोंड उघडतो तो मार खातो, ही पहिली. आणि खरा भाव चारचौघांत कुणी बोलत नाही, तो रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो, ही दुसरी. माझे वडील हेडी, म्हणजे बैलांच्या खरेदी-विक्रीतले मध्यस्थ. मिसरूड फुटायच्या आत मीही त्यांच्यासोबत उभा राहू लागलो आणि त्याच कमाईवर डी.एड. केलं. कुणाच्या चिठ्ठीवर मास्तर झालो नाही. तरी शाळेत पाहुणा आला की माझी ओळख 'हे आमचे बैलबाजारवाले' अशीच करून दिली जायची. करून देणारे आमचे मुख्याध्यापक. मी हसून नमस्कार करायचो आणि मनात दात खायचो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. अहमदपूरच्या पलीकडच्या आमच्या शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहिलं, पण रंग पातळ पडला आणि जुनं नाव खालून डोकावत राहिलं. पाऊस मात्र ना जुन्या जिल्ह्यात होता, ना नव्या. गावात टँकर यायचा. पोरी घागरी घरी टाकून, डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन तशाच वर्गात शिरायच्या. बैल तर निम्म्या घरांनी विकून टाकले होते.

मुख्याध्यापकांचा एक नियम होता. वर्गाचा आवाज सडकेपर्यंत गेला पाहिजे, तरच मास्तर शिकवतो. म्हणून मी सातवीला प्रश्न विचारायचो. तेच तीन हात वर व्हायचे, तेच तिघं उत्तर द्यायचे आणि बाकीचे त्यांच्यामागं सूर ओढायचे. "कळलं का?" "हाव गुरुजी!" आवाज सडकेवर जायचा. मग पेपर घेतला की अर्ध्यांचे कागद कोरे. एकदा संतापून मी डस्टर भिंतीवर मारलं. खडूची भुकटी माझ्याच डोक्यावर बसली आणि वर्ग तोंड दाबून हसला.

त्या दिवशी घरी जाताना डोक्यात आलं, की बाजारात मी असा वागलो असतो तर एक बैल विकला गेला नसता. तिथं मी विचारून गप्प बसतो. इथं मीच विचारतो, मीच घाई करतो आणि सगळ्यांसमोर भाव फोडायला लावतो. लाजरं पोर कशाला बोलेल?

दुसऱ्या दिवशी खांद्यावरचा रुमाल घेऊन वर्गात गेलो. फळ्यावर लिहिलं: एक तृतीयांश मोठा, की एक चतुर्थांश? पहिला मोठा वाटला तर माझं एक बोट दाबायचं, दुसरा वाटला तर दोन, सारखे वाटले तर तीन. आधी सगळ्यांनी गप्प बसून विचार करायचा. मग मी रुमाल घेऊन प्रत्येकापुढं फिरलो. निम्म्या वर्गानं दोन बोटं दाबली, कारण तिनापेक्षा चार मोठे. 'हाव गुरुजी'च्या खाली इतके दिवस काय दडलं होतं, ते मला पहिल्यांदा कळलं.

मी बरोबर-चूक सांगितलं नाही. "का?" एवढंच विचारलं. भाकरीचे तुकडे झाले, भांडणं झाली आणि घंटा झाली तरी कुणी उठेना.

पण चार दिवसांनी नवंच त्रांगडं झालं. ज्यांना येतं ते पोरगेही आधी चुकीचं बोट दाबायचे, माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मग बोट बदलायचे. त्यातल्या एकावर मी खवळलो. "अरे, काल तर नीट सांगितलंस की!"

तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, पयला भाव कुणी खरा सांगतंय व्हय?"

चूक माझी होती. बैल विकताना बापासोबत बाजार करून आलेली पोरं ती. मी खुर्चीला धरून हसलो. मग नियम केला. भाव फिरवायला मोकळीक, पण फिरवणाऱ्यानं मोठ्यानं कारण सांगायचं.

मुख्याध्यापक खिडकीतून हे बघायचे. एकदा म्हणाले, "गुरुजी, शिकवून राहिलात, का पोरांचे हात बघून राहिलात?" मग नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "साहेबांपुढं वर्ग मुका बसला तर सातवी काढून घेतो. पहिलीला जायचं."

ही पोरं मी पाचवीपासून हाताखाली घेतलेली. तरी चेहरा बाजारातला ठेवला. "अन् वर्ग बोलला तर?"

"तर ठेवा सातवी."

"अन् पुन्हा खिडकीत यायचं न्हाई."

त्यांनी मान हलवली. सौदा पक्का झाला.

साहेब आले, जीपच्या धुळीनं भुवयांपर्यंत पांढरे झालेले. खुर्चीत टेकत त्यांनी सोपा प्रश्न टाकला, "सांगा, अर्धा मोठा की पाव?"

वर्ग गप्प. एकही सूर नाही. मुख्याध्यापक दारातून ओठ हलवू लागले, "बोला रे, बोला!" माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. आयुष्यात इतकं अवघड गप्प बसणं मी कुठल्याच बाजारात केलं नव्हतं.

"एवढंही येत नाही यांना?" साहेबांनी मला विचारलं.

"साहेब, विचार करून राहिलेत." मी रुमाल पुढं केला आणि रीत सांगितली. साहेब उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. रुमाल बघून त्यांच्या मिशा हलल्या. ते स्वतः उठले आणि बाकांमधून फिरू लागले. बहुतेकांनी 'अर्धा'चं बोट दाबलं.

मागच्या बाकावर एक मुलगी होती, तीन वर्षांत जिचा आवाज मी क्वचितच ऐकलेला. तिनं रुमालाखाली हात घातला आणि काढून घेतला.

"काय झालं, बाळ?"

"साहेब, माल दाखवल्याबिगर भाव कसा सांगू?"

"म्हणजे?"

"अर्धा कशाचा अन् पाव कशाचा? अर्धा तांब्या अन् पाव रांजण असंल तर पावच लई."

वर्गात एकदम बाजार भरला. "एकाच भांड्याचं असंल तर अर्धंच की!" "मग तसं इचारायचं होतं साहेबांनी!"

साहेब बाकाच्या कडेला बसले आणि पोट हलेपर्यंत हसले. "बरं बाबा, मी माझा भाव फिरवतो. एकाच रांजणाचा अर्धा आणि पाव."

"कारण सांगा, साहेब!" सगळा वर्ग ओरडला. नियम म्हणजे नियम. तो आवाज सडकेवरच काय, टँकरच्या रांगेपर्यंत गेला असेल.

साहेबांनी उभं राहून कारण सांगितलं.

सातवी माझ्याकडं राहिली. शेऱ्यात मात्र लिहिलं गेलं, 'मुख्याध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली प्रश्नोत्तरांचा स्तुत्य प्रयोग.' मार्गदर्शन! खिडकीतून! तो काटा अजून बोचतो, आणि काढायची मला घाईही नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सरळव्याजाचं गणित लिहिलं, तर एक पोरगं उठलं. "गुरुजी, हे आपण कशापायी शिकून राहिलो?"

इतकी वर्षं मी ते शिकवत होतो, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी खडू ठेवला आणि खुर्चीत बसलो. पोरगं हात बांधून उभं राहिलं. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. कुणी खाकरलं नाही, कुणी सूर लावला नाही. मला विचार करायला त्यांनी हवा तेवढा वेळ दिला.