दोनशे बाराची चाल

चर्चच्या गीतपुस्तकाची चौथी आवृत्ती निघणार होती, आणि छापखान्यातून आलेले कागद तपासायचं काम ऑर्गनवाल्या बाईंकडे आलं होतं. बाईंचं वय शहात्तर. नजर अशी, की स्वल्पविरामाची शेपटी तुटलेली असली तरी त्यांना घास गोड लागत नसे. एकावन्न वर्षं त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या आणि त्यातली चौतीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवरही बसत होत्या. दोन्हीकडे त्यांचा लौकिक एकच होता : बाई चुकत नाहीत.

पहिली दोनशे अकरा गाणी त्यांनी तीन दिवसांत हातावेगळी केली. दोनशे बाराव्यावर गाडी अडली. गाणं बिनचूक छापलं होतं. खाली नेहमीच्या दोन ओळी होत्या. शब्द : अज्ञात. चाल : पारंपरिक.

त्या दोन्ही ओळी खोट्या होत्या आणि दोन्ही बाईंनीच लिहिल्या होत्या. त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

गाणं खरखरचं होतं.

खरखर म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारा. कुलूपवाला आणि न्हावी यांच्या मधोमध त्याचं दुकान होतं, इतकं अरुंद की एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्यानं पायरीवर उभं राहून आपल्या रेडिओचं दुखणं सांगायचं. दिवसभर आतून स्टेशन लागण्याआधीचा तो खरखराट ऐकू यायचा, म्हणून हे नाव. त्याची आईसुद्धा त्याला याच नावानं हाक मारायला लागली, तेव्हा विषय संपला.

दुरुस्त झालेला रेडिओ नीट चालतो की नाही हे पाहायला तो दूरदूरची स्टेशनं लावायचा. त्यात त्याला रॉक संगीत भेटलं. ते ऐकून इतरांनी केस वाढवले, खरखरला मात्र एक साधी शंका आली. ती त्यानं टपाल कचेरीच्या खिडकीवर येऊन बाईंना विचारली.

"बाई, देवाची गाणी अशी का वाजवत नाहीत?"

"कारण देव बहिरा नाही," बाई म्हणाल्या. "पार्सल कुठं आहे?"

पार्सल नव्हतंच. त्याला गाणं लिहून हवं होतं. चाल त्याच्या डोक्यात असायची, पण स्वरलिपी लिहिता येत नसे. मग दर गुरुवारी संध्याकाळी तो बाईंच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून गुणगुणायचा आणि बाई वहीत उतरवून घ्यायच्या. प्रत्येक गाणं झालं की बाई म्हणायच्या, "हा गोंगाट आहे." तो म्हणायचा, "हो, पण बरोबर लिहिलात ना?" अशी एकोणीस गाणी झाली. प्रत्येकावर बाईंनी तारीख घातली, कारण पार्सलावरसुद्धा त्या तारीख घातल्याशिवाय राहत नसत.

गिटार त्यानं टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक बसवून विजेवर आणली. बंद पडलेल्या थिएटरचा कर्णा मिळवला. तो कर्णा उचलून नेणं एका माणसाचं काम नव्हतं, म्हणून त्यानं तो बहिणीच्या बाबागाडीत घातला, वर दुपटं टाकलं आणि तरुण मंडळींनी उपासना चालवायच्या रविवारी ढकलत ढकलत चर्चच्या दारात आणला. दारात दोन म्हाताऱ्यांनी दुपटं बाजूला करून आत पाहिलं. एक म्हणाली, "बापावर गेलाय."

ढोल वाजवायला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर होता. त्याला वेग नवा नव्हता.

खरखरनं पहिला सूर छेडला आणि अख्ख्या चर्चचा फ्यूज उडाला. दिवे गेले, पाळकांचा माईक गेला, आणि ऑर्गनला हवा भरणारी मोटर बंद पडल्यामुळे ऑर्गनही एक लांब उसासा टाकून गप्प झाला. खरखर धंद्यानं दुरुस्तीवाला. तो "माफ करा" म्हणत बोर्डापाशी गेला, तार बदलली, परत आला आणि जिथं थांबला होता तिथूनच पुढं सुरू झाला. गाणं संपलं. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

त्याच आठवड्यात चर्चच्या पंचांची बैठक झाली. चिटणीस तेव्हा तिशीच्या आसपासचे, हौशी आणि कडक. त्यांनी ठराव लिहिला : चर्चमध्ये विजेवर चालणारं कोणतंही वाद्य वाजवलं जाणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या लक्षात आलं की ऑर्गनची मोटरही विजेवरच चालते.

ठराव मागं घ्यायचा तर चूक कबूल करायला हवी. ते कुणाला नको होतं. ऑर्गनच्या मागं जुना हातपंप होता. ठराव ज्यांनी लिहिला त्यांनीच तो मारावा असं ठरलं. अकरा रविवार चिटणीस कोट काढून, बाह्या सरसावून पडद्यामागं पंप मारत होते. पंपाचा दांडा असा करकरायचा की प्रवचनापेक्षा लोकांना तोच लक्षात राहायचा. तिसऱ्या रविवारी खरखर तेलाची बुधली घेऊन आला, दांड्याला वंगण घातलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. टोमणा नाही, की हसू नाही. चिटणिसांना तेच जास्त लागलं. बाराव्या आठवड्यात ठरावात "ऑर्गन सोडून" हे दोन शब्द घातले गेले.

त्या अकरा रविवारांतच एकदा पाळकांनी बाईंना एखादं संथ, गंभीर गीत वाजवायला सांगितलं. हातपंपावर लांब सूर टिकत नव्हते, नेहमीची गाणी मधेच धाप लागल्यासारखी तुटत होती. बाईंच्या बोटांखाली खरखरचं सातवं गाणं आलं. त्यांनी ते चौपट संथ केलं, मधलं "हे हे" गाळलं. प्रत्येक सुरानंतर थांबा ठेवला, आणि असे सुटे सुटे सूर पंपाला झेपले. तिसऱ्या कडव्यापर्यंत अर्ध्या बाकांवर रुमाल निघाले होते.

"काय सुंदर! कुणाचं आहे हो?" पाळकांनी विचारलं.

खरखरचं म्हटलं असतं तर चिटणिसांनी तिथल्या तिथं दुसरा ठराव लिहिला असता. बाई म्हणाल्या, "जुनं आहे."

गाणं तेव्हा चार महिन्यांचं होतं.

बाहेर पडताना खरखर ऑर्गनपाशी थांबला. बाईंना वाटलं, आता हा भांडणार. तो म्हणाला, "बाई, तिसऱ्या कडव्यात दुसऱ्या ओळीला एक सूर चुकलात. तिथं चाल वर जाते. तुम्ही खाली नेलीत."

"मी चुकत नाही," बाई म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्यानं त्या गाण्याबद्दल कुणाजवळ ब्र काढला नाही. पुढच्या वर्षी गीतपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात ते दोनशे बारावं झालं, खाली सूर घेऊन.

खरखर चर्चबाहेर वाजवत राहिला. बसच्या डेपोत, इस्पितळाच्या मागच्या अंगणात, ड्रायव्हिंग शाळेच्या मोकळ्या मैदानात. ऐकायला कधी नऊ माणसं, कधी चाळीस. सुरू करण्याआधी त्याची प्रार्थना एका ओळीची असे : "देवा, फ्यूज सांभाळ." परगावाहून तरुण यायचे आणि गाणी उतरवून न्यायचे. त्यांच्या त्यांच्या गावी त्यांना हाकलून देण्यात आलं, की त्याला कळवायचे. ती पत्रं त्यानं जपून ठेवली होती. वीसेक वर्षांनी त्या सगळ्या चर्चांत ड्रम आले, गिटारी आल्या. या चर्चमध्येही आल्या, आणि त्यांच्यासाठी चिटणिसांनीच वर्गणी काढली. तोवर हे कुणी सुरू केलं ते विचारायची कुणाला गरज वाटेनाशी झाली. मागच्या हिवाळ्यात खरखर गेला, तेव्हा अंत्यविधीला चर्चचाच तरुण वाद्यवृंद वाजवणार होता. आदल्या दिवशी त्यातली एक मुलगी त्याच्या बायकोला अदबीनं विचारून गेली, "काकू, काकांना गिटारचा आवाज चालायचा ना?"

खरखरची बायको धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा त्या फ्यूजला तीन वर्षं झाली होती. बाई दोनशे बारावर अडल्या असतानाच ती शनिवारी दुपारी त्यांच्याकडे आली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, आणि चहाला हात लावण्याआधीच म्हणाली :

"ताई, एकच विचारायचंय. शेवटच्या आठवड्यात हे मला म्हणाले, दोनशे बारा माझं आहे. मी म्हटलं, तापात बोलताय. तर म्हणाले, ताप नाही, माझं आहे, पण तू कुणाला सांगत बसू नकोस."

"मग?"

"मग मी सांगितलं. चिटणिसांना. नवीन पुस्तक निघतंय, नाव घाला म्हटलं. ते म्हणाले, वहिनी, दुःखात माणसाला असं वाटतं. ते गाणं दोनशे वर्षांचं आहे." तिनं कप उगाच बशीत फिरवला. "दुकानात हे तीच चाल भराभर म्हणायचे, टेबलावर ठेका धरून. मी रागवायची. देवाचं गाणं असं नाचवू नका म्हणायची. ऐकून हसायचे नुसते. ताई, ते कधी खोटं बोलले नाहीत माझ्याशी. आता जाता जाता एकदाच बोलले का, एवढंच मला कळायला हवं. तुम्ही नाही म्हणालात तर मी गप्प बसते. तुम्ही चुकत नाही."

वही बाईंच्या मागच्या कपाटात, खालच्या खणात होती. खुर्चीवरून हात लांब केला असता तर पोचला असता. बाईंनी हात लांब केला नाही. आधी चिटणिसांची भीती होती म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. मग चर्चमध्ये ड्रम आले, भीतीचं कारण उरलं नाही. तेव्हा बोलायचं तर आजवर का बोलला नाहीत, हेही सांगावं लागलं असतं. असं करत करत अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांचं खोटं खरोखरच पारंपरिक झालं होतं.

"उद्या चर्चला या," त्या म्हणाल्या. "पुढं बसा."

"म्हणजे हो का नाही?"

"चहा निवतोय."

खरखरची बायको चहा न पिता गेली. दारातून एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही तरी सरळ सांगाल."

रविवारी गाण्यांची यादी नेहमीप्रमाणे बाईंनीच दिली होती. पाळक म्हणाले, "गीत क्रमांक दोनशे बारा." मंडळी उभी राहिली. चिटणिसांनी गंभीर चेहरा केला. आता ते अठ्ठ्याहत्तरचे होते, आणि हे गाणं आपल्या अंत्यविधीला हवं असं त्यांनी लेखी देऊन ठेवलं होतं.

बाईंनी ते मूळ वेगात सुरू केलं.

पहिल्या ओळीला सगळ्यांना वाटलं, बाईंचा तोल गेला. दुसऱ्या ओळीला मंडळी आणि ऑर्गन यांची फारकत झाली. मंडळी अजून पहिल्या शब्दाचा शेवट लांबवत होती आणि बाई कडवं संपवून पुढं गेल्या होत्या. पडद्यावर शब्द दाखवणारा माणूस पुढंमागं करून थकला आणि त्यानं पडदा बंद केला. पहिल्या बाकावर खरखरच्या बायकोनं गीतपुस्तक मिटलं. ओठ तिचेच तेवढे बरोबर हलत होते.

आणि मागून ठेका आला. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, ऐंशी पार केलेला, एरवी प्रवचनात झोपणारा, बाकाच्या पाठीवर दोन्ही हातांनी वाजवत होता. जिथं बाईंनी गाळलेलं ते "हे हे" होतं, तिथं त्यानं ते घातलं. दोन वेळा, बरोबर जागी, आणि मोठ्यानं.

गाणं संपलं. बाई ऑर्गनवरून उठल्या, घरून आणलेली वही पिशवीतून काढली.

"हे गाणं खरखरचं आहे," त्या म्हणाल्या. "शब्द आणि चाल दोन्ही. माझ्या अक्षरात आहे, तारीख आहे. मी खोटं सांगितलं होतं."

उपासनेनंतर मागच्या खोलीत चिटणिसांनी चष्मा पुसत ती तारीख तीनदा वाचली.

"बाई, तुम्ही? खोटं?"

"हो."

"लेखी?"

"दोन ओळी."

"आणि मी त्यासाठी पंप मारला? अकरा रविवार?"

"पंपाला वंगण खरखरनंच घातलं होतं," बाई म्हणाल्या.

चिटणिसांनी वही मिटून परत दिली. मग म्हणाले, "अंत्यविधीसाठी मी जो वेग गृहीत धरलाय, तो मात्र बदलू नका."

खरखरची बायको दाराशी उभी होती. तिचे डोळे कोरडे होते, आणि ती रागावलेली होती.

"पंचेचाळीस वर्षं त्यांच्यावर डाफरले मी, ताई. त्यातलं निम्मं तुमच्या वाट्याचं होतं."

"सगळंच माझ्या वाट्याचं," बाई म्हणाल्या.

"नाही. निम्मं. टेबलावर ठोकून माझे कप फोडले, ते त्यांचं त्यांनाच." मग जरा थांबून, "काल चहा राहिला."

"चला," बाई म्हणाल्या.

चहा झाल्यावर तिच्यासमोरच बाईंनी छापखान्याचे कागद उघडले. दोनशे बाराखालच्या दोन्ही ओळी लाल शाईनं खोडल्या आणि तिथं खरखरचं नाव लिहिलं. बायकोनं ते दोनदा वाचलं, मान हलवली आणि पिशवी उचलली.

ती गेल्यावरही पेन बाईंच्या हातातच होतं. त्यांनी वहीतलं सातवं गाणं काढलं आणि तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ बोटांनी टेबलावर वाजवून पाहिली. पुन्हा एकदा वाजवून पाहिली. मग छापील कागदावर त्या सुराभोवती गोल केला, आणि तो वर नेला.