पालिकेत ठेवलेलं टोपलं

टॅक्स माफ करा म्हनून पालिकेत भांडाले जानारे लोक मी लय पाह्यले. आमी मासोळ्या इकनाऱ्या ढिवराच्या बाया मात्र आमच्यापासून टॅक्स घ्या म्हनून भांडलो. आयकनाऱ्याले हासू येते. येऊ द्या.

शहर तलावाच्या त्या बाजूले, आमी या बाजूले. मधात तलावाची पाळ, मातीचा उंच बांध. पाळीवरूनच बाजारात जायचं अन् पाळीवरूनच वापस यायचं, दुसरा रस्ता नोता. राईस मिलच्या कोपऱ्यावर पालिकेचा शेवटचा लाईटचा खंबा. तिथून जो अंधार लागे तो आमच्या चुलीपर्यंत. पाळीच्या दोनी अंगाले बेशरमाची झुडपं, मानसापेक्षा उंच. अन् मोहल्ल्याच्या मांगं सरळ जंगल.

घरात संडास कोनाकडंच नोता. बायाईले बाहेर जायाले अंधार पडायची वाट पाहा लागे. उजेडात मानसं पाह्यतात, अंधारात बिबट. यातलं एक निवडा, असं आमचं जगनं.

माही पोरगी नववीत होती त्या साली, दिवाळी होऊन गेल्यावर, बिबटानं माह्या धाकट्या जावेले धरलं. तिचं घर मोहल्ल्यात सर्वात शेवटी, जंगलाले लागून. दिवस बुडाला होता, ती झुडपाच्या आड बसली होती. बसलेलं मानूस त्याले कुत्र्यावानी दिसलं असन. डोक्याची चामडी सोलून निंगाली. हातात पितळेचा लोटा होता, तोच तिनं त्याच्या तोंडावर मारला अन् मारतच राह्यली, तवा तो गेला. मी पोचली तं ती रस्त्यात बसून होती. सारं तोंड रक्तानं भरलेलं, अन् मले म्हन्ते, "लोटा चेपला ना वं बाई." चंद्रपूरच्या दवाखान्यात लय दिवस पडली होती. वाचली. अर्ध्या डोक्यावर आजबी केस नाई. कोनी इचारलं तं म्हन्ते, बिबट न्हावी होता, कटिंगचे पैसेबी नाई घेतले.

पोरीची शाळा दुपारची. थंडीच्या दिवसात शाळा सुटून पाळीवर येवोस्तोर अंधार पडे. तिचा बाप बल्लारपूरले बांबूच्या गाड्या खाली कराले जाय, उशीरा ये. जाऊ दवाखान्यातच होती, तवा त्यानं सांगून टाकलं का बस झाली शाळा. उद्या पोरीले काई झालं तं मास्तर जबाब देईन काय? तो वाईट नोता, भेलेला होता. पोरीनं शाळेचा डरेस धुतला, घडी केली अन् पेटीच्या तळाशी ठेवला. तळाशी ठेवला हे मी पाह्यलं.

मी दुसरी शिकली. सही करता येते, त्याच्या म्होरं काई नाई. बाजारात लोक टोपल्याशी उभे राहून पेपर वाचत अन् हासत, मी त्याईच्या तोंडाकडं पाह्यत राहो. म्हनून मी तो डरेस वर काढला.

"शाळा बंद होत नाई. मी आनते तिले."

"अन् तुले कोन आनन?" तो म्हने.

मी कंदील घेतला, माह्या बापाच्या हातचा बांबूचा डेंगा घेतला अन् रोज राईस मिलच्या खंब्याखाली जाऊन उभी राहू लागली. पोरगी आली का दोघी पाळीनं निंगो. पोरगी मोठ्यानं कविता म्हने, मी डेंगा आपटत चालो. दोघीबी भेलेल्या. दोघीबी सांगत नोतो.

पन कंदील किती दिवस पुरते? पाळीवर खंबे पाह्यजे होते. मी नगरसेवकाच्या घरी गेली. भला मानूस होता, खाट टाकून बसवलं. म्हने, बाई, तुमचा मोहल्ला घरपट्टी भरत नाई, दिवाबत्तीचा टॅक्स भरत नाई. ज्याचा टॅक्स नाई त्याचा खंबा नाई, माह्या हातात काय हाय? मी म्हटलं, घ्या ना मंग टॅक्स, कोन नाई म्हन्ते. तं त्यानं पालिकेत धाडलं. तिथला बाबू म्हने, तुमची घरं तलावाच्या जागेत हाय, तिथी टॅक्स बसतच नाई. मी वापस नगरसेवकाकडं. तो म्हने, टॅक्स बसत नाई तं खंबा बसत नाई. असं त्याईनं मले पाळीवरून या काठानं त्या काठाले फिरवलं.

शेवटी मी म्हटलं, "भाऊ, वोट मांगाले येता तवा आमी कोनाच्या जागेत उभे राह्यतो?"

तो हासला. भला मानूसच होता. खंबा देल्ला नाई.

पालिकेत एक चपराशी होता, मुसलमान, वयानं मोठा, आमी त्याले चाचा म्हनो. त्याच्या घरी बांगड्याचा धंदा, आमच्या साऱ्या मोहल्ल्याच्या हातात त्याच्याच घरच्या बांगड्या. दर जुम्म्याले तो माह्यापासून मासोळ्या ने. त्यानं बाजारात सांगतलं का बाई, फलान्या दिवशी बजेट बसते. साऱ्या वार्डाले वाटा पडते. बोलायचं हाय तं त्या दिवशी या.

आता आमच्यात वाटा कसा पडते ते सांगतलं पाह्यजे. सालातून एकदा तलावात मोठं जाळं टाकतात, तवा साऱ्या मोहल्ल्याची मासोळी एका जागी पडते. मंग पाळीवर दर घरचं टोपलं ओळीनं लावतात. एक बुढा मानूस वंजळीनं वाटत जाते, टोपल्यामागून टोपलं. जाळं वढाले कोन आला, कोन नाई आला, पाह्यत नाई. ज्या घरचा मानूस मेला त्या बाईचंबी टोपलं राह्यते. बिमार घराचं टोपलं शेजारी आनून ठेवते. टोपलं दिसलं का वाटा पडलाच पाह्यजे. दुसऱ्याच्या टोपल्याले कोनी हात लावत नाई. अन् वाटा पडायच्या आंधी आपलं टोपलं आपनच उचललं, तं त्या सालाचा वाटा सोडला. मंग रडून फायदा नाई.

तं आमी बाया बजेटच्या दिवशी टोपले घेऊन गेलो. आमाले वाटलं पैसे तिथीच वाटतात. ठिगळ लागलेले, खवले चिकटलेले टोपले, पन धुवून नेले होते. जाऊबी आली, डोक्याले फडकं बांधून, तिचं टोपलं तिच्या हातात.

सभेच्या खोलीत पंखे चालू होते. लांब टेबल, त्याच्यावर हिरवं कापड, भवताल नगरसेवक, मधात पालिकेचे मोठे साहेब. आमी दारातून आत शिरलो अन् टेबलाच्या समोर ओळीनं टोपले मांडले. माहं पह्यलं, मंग जावेचं, मंग बाकीच्याईचे. अन् भिंतीले लागून खाली बसलो.

सारे आमच्याकडं पाहू लागले. एकानं इचारलं, मासोळ्या इकाले आल्या काय जी? साहेबानं टोपले कायले आनले म्हनून इचारलं. मी सांगतलं, वाटा न्यायाले. तवा जे हासनं सुरू झालं, बाहेरचे बाबूबी दारात येऊन हासू लागले. माह्या बाजूच्या बायाईनं पदर तोंडावर घेतले.

साहेब मात्र हासले नाई. समजावून सांगतलं का बाई, इथं पैसे वाटत नाहीत. वर्षभराचा खर्च कुठं करायचा ते कागदावर ठरवतात. रोख काही मिळत नसतं.

माहे कान जळून राह्यले होते. एक बाई टोपल्याकडं सरकली, उचलाले. मी तिचा हात धरला. चुकलो आमी, खरं हाय. पन टोपलं मांडून झालं होतं. आता उचललं असतं तं वाटा आमीच सोडला असता.

मी म्हटलं, "कागदावर तं कागदावर, साहेब. आमच्या पाळीचं कागदावर काय ठरवलं?"

त्याईनं कागद पालटले. बाबूले इचारलं. बाबूनं कागद पालटले. तिथी तलावाचं नाव निंघालं, आमचं नाई. शहराच्या काठाले बगीचा अन् कारंजं लावायचं होतं.

"तलाव एकच हाय ना जी," मी म्हटलं. "त्या काठाले कारंजं, या काठाले बिबट?"

"तुमची वस्ती टॅक्स भरत नाही, बाई."

"घ्या म्हनूनच आली मी. माहं घर मोजा. नंबर टाका. टॅक्स लावा. तुमी घेत नाई अन् मंग आमाले म्हन्ता आमी देत नाई."

कोनी हासलं नाई. जाऊ उठली. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, सभेले पाठ करून उभी राह्यली अन् फडकं वापस बांधलं.

साहेब म्हने, पाहतो. तुम्ही आता जा, टोपले घेऊन जा.

"आमी जातो," मी म्हटलं. "टोपले राह्यतात. वाटा पडला का नेऊ."

अन् आमी निंघून आलो.

आमच्या मांगं काय झालं ते चाचानं सांगतलं. साहेबानं त्याले टोपले बाहेर फेकाले सांगतलं. तो म्हने, साब, त्याईच्यात दुसऱ्याच्या टोपल्याले हात लावत नाई, मी रोज बाजारात याईच्या बाजूनं जातो, मी नाई लावत. साहेब म्हने, तूच त्यांना वाटा पडतो म्हणून सांगितलंस ना? तं चाचा म्हने, "मैंने क्या झूट बोला, साब?" टोपले भिंतीशी सरकवाले दुसरा मानूस बलावला. आमच्याकडचं मार्चचं ऊन अन् मासोळीचं टोपलं. धुतलं तरी उन्हात ते आपली जात सांगतेच. दर सभेले त्या वासात बसा लागे.

मंग एका दिवशी मोजनीवाला आला, टेप घेऊन. मोहल्ला घाबरला. शेजारीन कानात म्हने, मांगची पडवी नोको दाखवू, टॅक्स वाढन. पोरीचा बाप तं दोन दिवस माह्यावर चिडून राह्यला, बला घरात आनली म्हने. मी मोजनीवाल्याले म्हटलं, पडवी मोज, भाजीची सांदवाडी मोज, कोंबड्याचा खुराडाबी मोज. एक बोट सोडू नोको. उद्या कोनी म्हनू नोये का बाईनं लपवलं. तो म्हने, बाई, कोंबड्याले टॅक्स नसते. मी म्हटलं, बिबट तं त्याईलेच पह्यलं खाते.

त्यानं दाराच्या वरतं काळ्या रंगानं नंबर टाकला. मले नंबर वाचता ये. मी उभी राहून लय वेळ पाह्यला.

खंब्याच्या आंधी टॅक्सचा कागद आला. दिवाबत्तीचा पैसा त्याच्यात होता, दिवा नोता. मोहल्ल्यातले मानसं म्हने, फसवलं तुले. मी तलावातले शिंगाडे इकून त्या पैशातून भरला, अन् भरताना बाबूले पावती उलटी करून इचारलं का दिवा कोन्या बाजूले हाय. पोरगी दहावीत गेली. साऱ्या पावसाळ्यात, ढगानं लवकर अंधारे तवा, आमी दोघी कंदील घेऊन पाळीनं आलो. वाऱ्यानं कंदील इझे तवा ती कविता अजून जोरात म्हने. बाप रोज इचारे, किती दिवस? मी म्हनो, दहावी होवोस्तोर. खंबा येवो का न येवो.

दसरा झाला अन् बैलगाडीवर खंबे आले. दोन. एक पाळीच्या वळनावर, एक आमच्या दारापाशी. लाईट लागला त्या सांजेले पोरगी एकटी आली. मी दारात उभी. हातात कंदील नाई, डेंगा नाई, हात कुठी ठेवावे समजे ना. तिनं वळनावरूनच मले पाह्यलं अन् चालच हळू केली, मोठ्या बाईवानी. बाप त्या दिवशी लवकर आला होता. फाटलेलं जाळं आनलं, खंब्याखाली बसला अन् शिवाले लागला. दहावी पोरीनं त्याच उजेडात काढली. पास झाली.

लाईट लागल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पालिकेत गेली. टोपले एका कोपऱ्यात होते, चाचानं वरतून पोतं टाकलं होतं. माह्या टोपल्याचा काठ उंदरानं कुरतडला होता. मी ते उचललं, झटकलं, काखेत घेतलं. तेवढ्यात मोठे साहेब बाहेर आले. म्हने, झालं ना आता, बाई? सगळे टोपले घेऊन जा.

मी बाकीच्या बायाईचे टोपले एकात एक टाकले. एक तिथीच ठेवलं.

"हे कोणाचं?" त्याईनं इचारलं.

"माह्या जावेचं," मी म्हटलं. "तिचं घर शेवटी हाय, जंगलापाशी. बिबट तिथीच आला होता. तिथपर्यंत उजेड पोचला नाई. ते राहू द्या, साहेब. तिचा वाटा पडाचा हाय."

अन् मी पाळीनं घरी आली.