नानाजीची खुर्ची

कुरखेड्याच्या पत्रूला कोणी नशीबवान म्हटलं की तो भडकायचा. सागवानाचा ओंडका पडून डावा पाय गुडघ्याखालून गेला, त्यात नशीब कुठलं? पण गंमत पाहा, आयुष्यभर दुसऱ्याचा ट्रक चालवणारा हा गडी पाय गेल्यावरच गाडीमालक झाला. ऊर्जानगरच्या वीज वसाहतीतून बदली झालेल्या एका साहेबाची जुनी परदेशी गाडी कोणी घेईना, कारण तिला डाव्या पायाने दाबायचा क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. लोकांना ती खोट वाटली, पत्रूला मात्र गाडी आपल्यासाठीच बनल्यासारखी वाटली. उजवा पाय तेवढा पुरे होता.

त्या गाडीतून त्याने बाळंतिणी पोचवल्या, नवरदेव मिरवले. आणि दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ती रुसली. इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं जागची हलायची नाहीत. ज्याला विचारावं तो म्हणे, साधा गिअरबॉक्स बसवून टाक. म्हणजे क्लच आला, आणि पत्रू कायमचा खाली उतरला.

त्याचा साळा नानाजी मनाचा चांगला, पण चांगुलपणाची त्याला भारी घाई. त्याने लगेच आपल्या किराणा दुकानापुढे एक खुर्ची आणून ठेवली. "भाऊजी, इथी बसत जा आरामात. गिऱ्हाईक पाहा."

पाय गेल्यावर पत्रूने असंच बसून वर्षभर रस्ता पाहिला होता. ती खुर्ची दिसली की तो मान वळवून पुढे निघायचा.

शेवटी तो ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या इसरूकडे गेला. "असा गिअरबॉक्स मी कधी उघडला नाई, पत्रूभाऊ," इसरू म्हणाला. "पण तेल अन् फिल्टर बदलून पाहू." दोन्ही नागपूरहून मागवलं, ट्रॅक्टरने गाडी इसरूकडे ओढून आणली; पत्रूची बायको सोनीबाईही सोबत आली. गाडी उंच करून इसरूने गिअरबॉक्सखालचं पसरट भांडं सोडवलं. लाल असायला हवं ते तेल काळंकुट्ट निघालं, करपल्या वासाचं. भांड्याच्या तळाशी काळा गाळ माखलेला लोखंडी गोळा होता. इसरूने भांडं पत्रूपुढे सरकवलं.

"आतला तुकडा तुटला वाट्टे, भाऊ."

सोनीबाईने कपाळावर हात मारला. पत्रूच्या मात्र मस्तकात तिडीक गेली. त्याने तो गोळा भांड्यातून उपटून काढला आणि शिवी हासडून भिरकावला. गोळा जमिनीवर पडलाच नाही. बाजूच्या लोखंडी जॅकला टक्कन चिकटून बसला.

इसरूने तो ओढून काढला, पुसला, पान्याला लावला, आणि खो खो हसत सुटला. "अरे, हा तर लोहचुंबक आहे! तेलातला लोखंडी कीस पकडाले कंपनीनंच ठेवला. तुटलं काईच नाई!"

"मंग मले काऊन भेवाडून राह्यला होता रे?" पत्रू ओरडला, पण डोळे त्याचे भरून आले होते.

चुंबक जागेवर गेला, नवा फिल्टर बसला, लाल तेल ओतलं. इंजिन चालू ठेवून इसरूने पातळी पाहिली. पत्रूने गाडीत बसून गिअरची दांडी ओढली, आणि गाडी अशी सरकली की सोनीबाईने हात जोडले. पत्रूचा जीव भांड्यात पडला.

घरी जाताना त्याने मुद्दाम नानाजीच्या दुकानापुढे गाडी थांबवली. खुर्ची उन्हात तशीच होती, रिकामी.

"नानाजी," खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "खुर्ची आत घे बाबा. उन्हानं खराब होऊन राह्यली."