पिचकारीचं ट्रेनिंग

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमची रंगपंचमी ऊन पडेल त्या रविवारी पार्कात व्हायची. दोन हजार आठ साली रंग कालवता कालवता वाद पेटला: शाळेतल्या शिक्षकांनी बंदूक बाळगावी का? आमच्यातले सगळ्यात जुने, रिटायर्ड डॉक्टर काका म्हणाले, "बाळगावी की. फक्त आधी नीट ट्रेनिंग द्यावं."

मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवायचे, त्यामुळे मला ते झोंबलं. म्हटलं, "काका, पिचकारीचं माझं ट्रेनिंग लहानपणापासून चालू आहे. तुम्ही शाळेत घुसलेला गुंड व्हा. फक्त तुम्हालाच भिजवून दाखवते."

काका पांढराशुभ्र झब्बा सावरत माझ्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात शिरले. पोरं किंचाळत सैरावैरा पळाली आणि मी अगदी नेम धरून पिचकारी रिकामी केली. काकू भिजल्या, माझा नवरा भिजला, भज्यांचं ताटसुद्धा लाल झालं. काका मात्र कोरडे ठणठणीत, पोट धरून हसत होते. हसून हसून मीही गवतात बसले.

"अजून थोडं ट्रेनिंग लागेल तुला," काका म्हणाले.

तेवढ्यात माझ्या वर्गातली सगळ्यात छोटी मुलगी डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन माझ्यापुढे नाचत आली. खुशीत म्हणाली, "मावशी, यू गॉट मी."

काकांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या हातातली पिचकारी काढून बाजूला ठेवली आणि रंगाची अख्खी बादली स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतली.