देवाची फुलं आणि माझी पिशवी

टायफॉईडनं आतडं फाटलं, तातडीनं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आले तर पोटावर पिशवी. डॉक्टर म्हणाले, "आतड्याचं तोंड बाहेर काढलंय. संडास यातच होईल. तीन महिन्यांनी पुन्हा आत जोडू." जीव वाचला, हे खरं. पण घरी सोडताना नर्सनं माझ्या नवऱ्याला पिशवी कशी चिकटवायची ते दोन मिनिटांत दाखवलं, हातात एक इंग्रजी कागद कोंबला आणि झालं.

नाशिकच्या कडेला आमचा झेंडूचा मळा. फुलं तोडायची, ओवायची, सकाळी पंचवटीत नेऊन विकायची. लग्न झाल्यापासून हार ओवणं माझ्याकडंच. दवाखान्यातून आले, टोपलीत हात घातला, तर सासूबाईंनी टोपलीच ओढून घेतली. "देवाची फुलं हायत. तुझ्या पोटाला ते असलं लावलेलं. नको गं बाई." अंगाची नुसती लाही झाली! पोट काय मी हौसेनं फाडून घेतलं होतं?

पण तेव्हा तोंड उघडलं नाही, तिथंच चुकले. मनात म्हटलं, पिशवी रिकामी दिसली की कुणाची बोलायची टाप नाही. म्हणून पाणीच तोडलं. दिवसभरात चहाचे दोन घोट, बस्स. पिशवी भरायची ती भरतच होती, नुसती पाण्यासारखी. पाचव्या दिवशी पायांत गोळे आले, लघवी बंद झाली आणि ओट्यापाशीच कोसळले.

पुन्हा तेच हॉस्पिटल, पुन्हा सलाइन. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "पाणी का बंद केलंत? या पिशवीतून पाणी, मीठ सगळं वाहून जातं. किडनी जाता जाता राहिली. आता आतडं जोडायचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल."

"मला सांगितलं कुणी?" मी म्हटलं. तर म्हणे, कागदावर लिहिलंय. अरे मेल्यांनो, पाणी तोडलं की झेंडू माना टाकतो हे मला कळतं, इंग्रजी नाही कळत! मराठीत एक वाक्य बोलायला काय जीभ झिजली असती?

घरी आले आणि मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन थेट टोपलीपाशी बसले. सासूबाई लगेच कुरकुरल्या, "अगं, देवाची फुलं..."

"आत्याबाई, मी मेले असते तर तिरडीवर यातलीच फुलं घातली असतीत ना? तेव्हाही पिशवी पोटावरच असती. मग चाललं असतं?"

मी सुई मागितली. त्यांनी दिली.