चार घडीची दोरी

मी सातवीत जाईपर्यंत जोयड्याच्या रानातल्या आमच्या घराला दार नव्हतं. बांबूची तट्टी होती; शेळी ती डोक्यानं ढकलून आत यायची. भोवती नजर जाईल तिथं सागवान, आणि माझे वडील, आबा, वर्षानुवर्षं तेच ओंडके सरकारी डेपोत ओढत होते. लोकांच्या दारांसाठी. स्वतःसाठी फांदी तोडली तर केस. पुढं तोड कमी झाली तसे आबा रामनगरच्या लाकूड वखारीत लागले. तिथं परदेशी सागवान ट्रकनं यायचं. जंगल घराशेजारी आणि लाकूड आफ्रिकेहून! हे कोडं मला शाळेपासून छळायचं. म्हणून बेळगावात एम.कॉम.ला लघुप्रबंधाचा विषय तोच घेतला: भारत आणि चीन यांची सागवानासारख्या कठीण लाकडाची आयात, तेव्हाची आणि आताची.

मार्गदर्शक सर विद्वान होते, असं ते स्वतः सांगायचे. सनमायका मारलेल्या टेबलावर थाप मारून म्हणायचे, "अस्सल सागवान!"

मी तक्ते मांडले. चीननं स्वतःचं जंगल राखायला घेतलं तशी त्याची खरेदी वाढत गेली, आणि तो हळूहळू कापीव लाकडाकडे वळला. आपण बराच काळ गोल ओंडक्यांनाच धरून राहिलो. एवढं दिसत होतं. पण परदेशातून निघालेल्या लाकडाचा आकडा आणि आपल्या बंदरात उतरलेल्या लाकडाचा आकडा काही जुळेना. उतरलेलं दरवर्षी कमीच.

"आकडे टिपताना चुकलीस," सर म्हणाले. "जोयड्याच्या रानातून आलं की असंच. तक्ते जुळल्याशिवाय सही नाही."

सही नाही म्हणजे पदवी नाही.

रविवारी घरी आले आणि वखारीत आबांना डबा द्यायला गेले. ते ओंडक्याला दोरी गुंडाळत होते. गुंडाळली, तिच्या चार घड्या केल्या, एका घडीची लांबी मोजली. घडीला घडीनं गुणायचं, मग ओंडक्याच्या लांबीनं.

"आबा, असं खरं माप येतं?"

"खरं? कुनी सांगितलं तुला? चार घडी केली की गोल लाकूड चौकोनी हुतंय. कडंचं जातंय. पाचातला एक वाटा सोड."

"आणि पाठवणारा?"

"त्यो अख्खं लिवतोय. हितं समद्यास्नी ठाव हाय. तुज्या सरांस्नी न्हाई व्हय?"

सोमवारी मी आबांची दोरी आणि घरचं दुधाचं लिटरचं माप घेऊन सरांसमोर बसले. मापाला दोरी गुंडाळली, चार घड्या केल्या आणि घडीला घडीनं, मग मापाच्या उंचीनं गुणाकार त्यांनाच करायला लावला. पाऊण लिटरच्या जरा वर आलं. सरांनी पुन्हा केलं. तेवढंच आलं.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"असेल कुठल्यातरी, सर. वखारीत तर आहेच. आपले व्यापारी दोरीनं मोजून घेतात, चीन तसं मोजत नाही. लाकूड हरवलेलं नाही. माप वेगळं आहे."

दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून 'भारत किती मागे' म्हणणारे लेख सरांच्या कपाटात होते. त्यातले तीन त्यांचे स्वतःचे. एकाही लिहिणाऱ्याला ओंडक्याजवळ जावंसं वाटलं नव्हतं. कपडे मळले असते ना!

मी सगळं लाकूड एका मापात आणून तक्ते पुन्हा मांडले. चीन पुढंच राहिला, पण सांगतात तेवढा नाही. सरांनी सही केली आणि वर म्हणाले, "मी सुचवलेली दुरुस्ती चांगली जमली हो." म्हणू देत बापडे.

प्रबंध मंजूर झाला. मी एम.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्याआधी दहावी कुणी ओलांडली नव्हती.